रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणून टक्के शून्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मध्यंतरी बोगस दिव्यांग प्रमाणपत्रांवर बरंच छापून येत होतं. कोणी कुठून किती टक्के दिव्यांगत्व लिहून आणलं, कोणाची फेरतपासणी होणार वगैरे. २०२४ मध्ये एका प्रोबेशनर आयएएस अधिकाऱ्याच्या सर्टिफिकेटचं प्रकरण गाजलं तेव्हापासून तर हा विषय चहाच्या टपरीवर पण चालू असतो. खोटं सर्टिफिकेट काढणाऱ्याला धरलंच पाहिजे, त्यावर वादच नाही. पण ज्याला खरंच उठवत नाही, कमावता येत नाही आणि तरी सरकारच्या कुठल्याच खान्यात जो बसत नाही, त्या माणसाबद्दल या सगळ्यात एक ओळ वाचायला मिळाली नाही म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, माहितीय. कापायचं तर आमच्या घरातलं कापा, नियमांचा भाग तेवढा राहू द्या.

माझा धाकटा भाऊ एमआयडीसीतल्या एका कंपनीत सीएनसी मशिनवर होता. एप्रिल २०२१, दुसरी लाट, घरातल्या सगळ्यांना कोरोना झाला तसा त्यालाही झाला. ऑक्सिजन लागला नाही, ॲडमिट करावं लागलं नाही, उलट आम्हाला वाटलं हाच सगळ्यात स्वस्तात सुटला. निगेटिव्ह आल्यावर कामावर गेला आणि तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. एक दिवस शिफ्ट केली की दोन दिवस अंथरुणात. अंग ठणकणं, डोकं जड, उजेड सहन न होणं, झोपून उठलं तरी झोपलोच नाही असं वाटणं, आणि जो माणूस मायक्रॉनमध्ये मापं तोंडपाठ सांगायचा तो दुकानात गेल्यावर काय आणायचं होतं ते विसरायला लागला. थायरॉईड, शुगर, बी ट्वेल्व्ह, इको, एमआरआय सगळं झालं. सगळं नॉर्मल. नातेवाईकांनी त्यावर आपापलं निदान केलं, कोणी म्हणे आळस, कोणी म्हणे टेन्शन, कोणी म्हणे बायकोच्या जिवावर बसून खायची सवय लागली.

शेवटी पुण्याच्या एका न्यूरोलॉजिस्टनी नीट ऐकून घेतलं आणि कागदावर लिहून दिलं, लाँग कोविड, एमई/सीएफएस. म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम. हे काही कोरोनानंतर निघालेलं खूळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्येच हा आजार मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांच्या वर्गीकरणात घेतलाय, त्यांच्या आत्ताच्या यादीत, आयसीडी-११ मध्येसुद्धा व्हायरसनंतरच्या थकव्याच्या या आजाराला स्वतंत्र कोड आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निदानाचे निकष ठरवून दिले: सहा महिन्यांहून जास्त काळ आधीसारखी कामं न झेपणं, श्रमानंतर प्रकृती ढासळणं, झोपून ताजंतवानं न वाटणं, आणि यांच्या जोडीला विचार-स्मरणशक्तीचा त्रास किंवा उभं राहिल्यावर वाढणारा त्रास. यातली दुसरी गोष्ट जरा लक्षात ठेवा कारण माझं सगळं पत्र तिच्यावरच आहे. श्रम केल्यावर लगेच नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. आज घेतलेलं परवा व्याजासकट वसूल होतं. आणि श्रम म्हणजे विटा उचलणं नव्हे, डोक्यावरून आंघोळ, अर्धा तास फोनवर बोलणं, मुलीची पालक सभा, यातलं काहीही पुरतं.

आता पैशाचं बघा, कारण शेवटी गाडं तिथेच येऊन अडतं. भाऊ ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात होता. त्यात आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्के मिळतो पण वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. तो मिळाला, तक्रार नाही. त्यापुढे दीर्घ आजारांसाठी ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, पण त्यासाठी ३४ आजारांची यादी आहे, टीबी, कॅन्सर, पक्षाघात, पार्किन्सन असे आजार, त्यात हा नाही. ईएसआयचा अपंगत्वाचा लाभ वेगळा, तो कामावर दुखापत झाली किंवा कामामुळे आजार जडला तरच. तुमचा हात मशिनमध्ये गेला तर मिळेल, मशिनसमोर उभं राहण्याची ताकद गेली तर नाही. मग पीएफची पेन्शन योजना, ईपीएस ९५. त्यात नोकरीत असताना अपंगत्व आलं तर पेन्शन आहे, महिनाभराची वर्गणी भरलेली असली तरी चालतं, पण अपंगत्व कायमचं आणि संपूर्ण असायला लागतं. आणि या आजारात कुठलाच डॉक्टर कायमचं असं लिहून देत नाही, कारण सुधारेल की नाही ते त्यालाच माहीत नसतं. खाजगी विम्याचे एजंट आम्हाला पॉलिसी विकताना डिसॅबिलिटी रायडर, म्हणजे अपंगत्वाचं जोड-कवच आहे म्हणाले होते, कागद काढून वाचला तर तो अपघाताचा.

राहता राहिलं दिव्यांग प्रमाणपत्र. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र असलं की निदान काहीतरी धागा हाताला लागतो, संजय गांधी निराधार योजना, प्रवासात सवलत, आयकरात दिव्यांगांसाठीची वजावट, ४० टक्क्यांना ७५ हजार आणि ८० च्या वर सव्वा लाख, ती पण जुन्या टॅक्स पद्धतीत. आता उत्पन्नच नाही तर वजावट कशातून करणार ते सोडा.

अर्ज ऑनलाइन असतो. गावातल्या नेट कॅफेत भावजय गेली होती, फॉर्ममध्ये एका ठिकाणी दिव्यांगत्वाचा प्रकार निवडायचा असतो, २१ प्रकार आहेत, त्यात याचं काहीच नाही. कॅफेवाला पोरगा म्हणाला, वहिनी लोकोमोटर टाका, म्हणजे हातापायांचं, ज्याचं कशात बसत नाही तो तेच टाकतो. टाकलं. दुसऱ्या एकाने सांगितलं होतं की मानसिक आजार टाका, लवकर काम होईल. पण भाऊ म्हणाला मी वेडा नाही, आणि मला त्याचं ते बोलणं आवडलं नाही तरी त्याचा मुद्दा बरोबर होता, जो आजार नाही त्याचं सर्टिफिकेट घेतलं तर मग बोगस कोण?

जिल्ह्याच्या गावी सरकारी हॉस्पिटलमध्ये दिव्यांगत्व तपासून टक्के देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार ठरलेला असतो. त्या दिवसासाठी आम्ही आधीचे चार दिवस त्याला काहीही करू दिलं नाही, म्हणजे अक्षरशः ताट हातात. आंघोळ आदल्या दिवशीच उरकली, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. रिक्षात मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवा. तिथे लाइन होतीच, वऱ्हांड्यात फरशीवर चादर टाकून झोपवलं, येणारे-जाणारे बघत होते. नंबर आला, आत गेला. डॉक्टर म्हणाले हात वर करा, केले. माझी बोटं दाबा, दाबली. एका पायावर उभे राहा, राहिला. खाली बसून उठा, बसला आणि उठला. सांधे फिरवून बघितले, स्नायूंची ताकद बघितली, रिपोर्ट चाळले आणि म्हणाले, सगळं तर नॉर्मल आहे, यात मी टक्के कशाचे देऊ? उद्धटपणे नाही बोलले हो, खरं तर चांगले होते, मला बाजूला घेऊन म्हणाले ताई, मला पटतंय पण माझ्या पुस्तकात हे नाही.

तर ते बोर्डाने बघितलेलं दहा मिनिटांचं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी काय झालं ते बोर्डाने बघायला पाहिजे होतं. खिडकीला जाड चादर लावलेली, डोळ्यांवर ओढणी, कुकरची शिट्टी झाली तरी अंग आक्रसायचं. चपाती चावायची ताकद नाही म्हणून भावजय मऊ भात कालवून भरवत होती, ते पण चार घास झाले की जबडा दुखतो म्हणून नको म्हणायचा. मुलीला सांगून ठेवलं होतं की बाबांच्या खोलीत जायचं नाही. हे आठवडाभर चाललं आणि त्यातून सावरून परत स्वतः जेवायला बसायला महिना गेला. म्हणजे मला चालता येतं हे दाखवायला गेल्यामुळे त्याचं चालणं गेलं, आणि कागदावर उरलं काय तर दिव्यांगत्व नाही.

मी काही डॉक्टर नाही की वकील नाही, एका सहकारी पतसंस्थेत कॅशियर आहे, पण त्या दिवसापासून कायदा वाचायला लागले. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते ते २१ झाले, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन आले, सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. म्हणजे हातापायाने धडधाकट दिसणारा माणूसही आजारामुळे दिव्यांग असू शकतो, आज बरा उद्या वाईट असा आजारही त्यात बसू शकतो, हे आपल्या संसदेने मान्य केलंय. दुसरं म्हणजे परिशिष्टाच्या शेवटी लिहिलंय की केंद्र सरकार अधिसूचना काढून आणखी प्रकार घालू शकतं. त्यासाठी संसदेत नवं बिल आणायची सुद्धा गरज नाही. कायदा आला तेव्हा कोरोना नव्हता, ठीक आहे, पण आता होऊन गेला ना?

तिसरी गोष्ट वाचून मी चाटच पडले. मानसिक आजाराचे टक्के काढायला आपल्याच सरकारच्या गाइडलाइनमध्ये एक स्केल आहे, आयडियाज नावाची. त्यात हात-पाय दाबून बघत नाहीत. स्वतःची काळजी घेता येते का, माणसांत वावरता येतं का, बोलणं-समजणं कसं आहे, काम जमतं का, आणि आजार किती काळ आहे, हे सगळं पेशंटला आणि घरच्यांना विचारून मार्क देतात. मग हेच एमई/सीएफएसला का विचारता येत नाही? माणूस रोजच्या जगण्यात काय करू शकतो हे मोजायची पद्धत आपल्याकडे आहे, सरकारी आहे, फक्त ती एकाच कपाटात ठेवलीय.

कोर्टं सुद्धा याच दिशेने बोलतायत. २०२१ मध्ये यूपीएससीच्या विरोधात एक उमेदवार सुप्रीम कोर्टात गेला होता, त्याला रायटर्स क्रॅम्प, लिहिताना हात धरायचा, बोर्डाने दिव्यांगत्व दिलं ६ टक्के. कोर्टाने सांगितलं की लेखनिक मिळायला ४० टक्के असायलाच पाहिजेत असं नाही, कायद्यात दिव्यांग व्यक्ती आणि ४० टक्केवाली व्यक्ती या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टातून वर गेलेल्या मेडिकल ॲडमिशनच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की नुसता टक्क्याचा आकडा बघून माणसाला बाद करू नका, तो प्रत्यक्षात काय करू शकतो ते बोर्डाने तपासावं. ती केस ॲडमिशनची होती, पेन्शनची नव्हती, मान्य. पण आकडा म्हणजे माणूस नव्हे हे तिथे चालतं तर इथे का नाही? तिथे टक्के जास्त आहेत म्हणून मुलाला बाहेर काढत होते, इथे टक्के नाहीत म्हणून बाहेर काढतायत, आकडा काय, दोन्हीकडून नडतोच.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडून तिकडचं कळलं. तिथे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट म्हणून भत्ता आहे, पीआयपी म्हणतात. त्याच्या नियमातच लिहिलंय की एखादी गोष्ट माणसाला जमते असं कधी म्हणायचं, तर सुरक्षितपणे, ठीकठाक, पुन्हा पुन्हा, आणि वाजवी वेळेत करता आली तर. एकदा करून दाखवली म्हणजे जमली असं नाही. आणि अर्ध्याहून जास्त दिवस काय परिस्थिती असते ते बघायचं. अमेरिकेत २०१४ मध्ये सोशल सिक्युरिटीने क्रॉनिक फटीग सिंड्रोमचे दावे कसे तपासायचे यावर स्वतंत्र आदेश काढला. तिथेही हा आजार त्यांच्या ठरलेल्या यादीत नाहीये बरं का, तरी तपासायची रीत घालून दिली. आता तिकडे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही, पहिल्यांदा नाकारायचं आणि मग अपिलात जाऊन मिळवायचं हे तिकडच्याही पेशंटच्या पाचवीला पुजलंय. पण निदान भांडायला नियम तरी आहे. आपल्याकडे अपील दिव्यांग कायद्याच्या कलम ५९ खाली करता येतं, पण अपिलात लिहायचं काय, यादीत नसलेल्या आजाराचे टक्के चुकले असं?

लोक म्हणतील की थकवा मोजणार कसा, उद्या जो तो येईल थकलो म्हणून. हा प्रश्न रास्त आहे, मी टाळत नाही. पण मोजता येणारं अगदीच काही नाही असं नाही. या आजाराच्या बऱ्याच पेशंटना उभं राहिलं की नाडी भरमसाठ वाढते, पॉट्स म्हणतात त्याला. झोपवून नाडी आणि बीपी घ्यायचं, मग उभं करून दहा मिनिटं बघत राहायचं, बीपी न पडता नाडी मिनिटाला ३० किंवा जास्त वाढली तर ते लक्षण. बीपीचं मशिन आणि ऑक्सिमीटर, कोरोनापासून हे तर प्रत्येक आरोग्य केंद्रात पडलेलं आहे. भावाची ही तपासणी न्यूरोलॉजिस्टकडे केली होती तेव्हा नाडी ७० च्या घरातून १२० च्या वर गेलेली मी माझ्या डोळ्याने बघितलीय. सगळ्यांना हे असतं असं नाही, पण ज्याला आहे त्याचं तरी लिहून घ्या. परदेशात सलग दोन दिवस सायकलवर व्यायामाची टेस्ट करतात, धडधाकट माणूस दुसऱ्या दिवशी साधारण तेवढंच करतो, या पेशंटची क्षमता दुसऱ्या दिवशी खाली येते. पण ती आपल्या बोर्डांनी करावी असं मी म्हणणार नाही, कारण त्या टेस्टनेच माणूस आणखी कोसळतो. त्यापेक्षा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे सहा महिन्यांचे कागद, घरच्यांनी ठेवलेली रोजची नोंद आणि बोर्डानंतर आठवड्याने आशाताईंनी घरी येऊन मारलेली एक चक्कर, एवढ्यावर सुद्धा खरं-खोटं कळेल. आमच्याकडे ती वही आहे, भावजय रोज लिहिते, किती वाजता उठले, जेवले की भरवलं, किती पावलं चालले. कोणी मागितलीच नाही.

संजय गांधी योजनेबद्दल पण लिहायचंय. त्या योजनेत टीबी, कॅन्सर, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांनी कमाई बंद झालेल्यांना घेतात, म्हणजे दिव्यांगत्वाशिवाय आजाराच्या दारातूनही आत जाता येतं. तिथे व्हायरसनंतरच्या या आजाराचं नाव घालणं पूर्णपणे राज्याच्या हातात आहे, दिल्लीकडे बोट दाखवायची सोय नाही. २०२५ मध्ये दिव्यांगांचं अनुदान १५०० चं २५०० केलं, चांगलं केलं. पण उत्पन्नाची अट बघा, वर्षाला २१ हजार, दिव्यांगांना ५० हजार. २१ हजार म्हणजे महिन्याला १७५० रुपये. भावजय ब्लाउज शिवते, त्यात मुलीची फी आणि नवऱ्याची औषधं भागत नाहीत, पण १७५० पेक्षा जास्त नक्की सुटतात. म्हणजे ती शिवणकाम करते म्हणून तिचा नवरा निराधार नाही.

आणि हे एकट्या कोरोनाचं नाहीये. डेंग्यू, चिकनगुनिया दर पावसाळ्यात येतातच, २०२४ ला पुण्यात चिकनगुनियाने काय केलं ते तुम्हीच छापलंत. आमच्या गल्लीत एक मावशी खानावळीत पोळ्या लाटायच्या, चिकनगुनियानंतर मनगटं गेली ती गेली. त्यांचं निदान सुजलेलं दिसतं, बोर्डाला सांधा फिरवून टक्के देता येतात. ज्याचं दिसत नाही त्याने काय करायचं?

मागणी साधी आहे. केंद्राने यादीत नाव घालेपर्यंत राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने बोर्डांना एक परिपत्रक तरी काढावं, की अशा पेशंटची एका भेटीतली तपासणी धरू नका, रोजच्या जगण्याचं विचारा, कागद बघा. कायमचं सर्टिफिकेट नका देऊ, तात्पुरतं द्या, मुदतीचं सर्टिफिकेट द्यायची तरतूद आहेच, मुदत संपली की परत तपासा, बरा झाला तर काढून घ्या, आम्हीच पेढे वाटू. आणि जो माणूस अंथरुणाला खिळलाय त्याला जिल्ह्याच्या गावी बोलावू नका, जमलं तर व्हिडिओ कॉलवर बघा, नाही तर घरी या. हा विभाग २०२२ मध्ये स्वतंत्र काढला तेव्हा देशात पहिला म्हणून कौतुक झालं होतं, मग हे पण पहिलं करून दाखवायला काय हरकत आहे.

विभागाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी तयार केलाय. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांनी निदानाच्या कागदाची झेरॉक्स आणि बोर्डाने काय लिहून दिलं त्याची झेरॉक्स आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर माझ्यासाठी पाठवली तर जोडता येईल. पेशंटने स्वतः पोस्टात जायची गरज नाही, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी टाकावं. तेवढी पाकिटं जपून ठेवाल का, मी दर शनिवारी पतसंस्था सुटली की येऊन घेऊन जाईन.

आपली एक वाचक
(नाव-पत्ता आपल्याकडे दिलेला आहे, छापू नये ही विनंती)